पलीकडच्या शेतातली मॅच

मुलांनो, तुमच्या गावात क्रिकेटची टूर्नामेंट एकच होते की दोन? मी आठवीत होतो त्या वर्षी आमच्या गिरीजला दोन झाल्या. भातकापणी होऊन शेतं मोकळी झाली, की एका मंडळाचे सामने दरवर्षी ठरलेले. त्या वर्षी काही जण रुसले आणि वाडीपलीकडच्या शेतात त्यांनी आपले वेगळे सामने भरवले. चषक मोठा, प्रवेश फी कमी, शिवाय प्रत्येक खेळाडूला वडापाव! मी गेलो. दोन ओव्हर टाकल्या, एक विकेट काढली. दुसऱ्या दिवशी जुन्या मंडळाचे दादा म्हणाले, "तिकडे खेळलास ना? मग आता इकडे यायचं नाही." सबंध हिवाळा मी बांधावर बसून स्कोअर लिहिला.

२००७ साली टीव्हीवर 'इंडियन क्रिकेट लीग' बघताना मला तोच बांध आठवला. तुमच्यापैकी कित्येकांनी हे नावही ऐकलं नसेल, आईबाबांना विचारा. ही आयपीएलच्या आधीची लीग. झी वाहिन्यांच्या सुभाष चंद्रांनी ती काढली आणि कपिल देव तिचे प्रमुख झाले. मग काय, क्रिकेट मंडळाचा पारा चढला! तिकडे जाणाऱ्याला ना रणजी, ना भारतीय संघ. मंडळाची मैदानंही मिळेनात. आपल्या 'मुंबई चॅम्प्स'चा कप्तान होता साक्षात ब्रायन लारा. पण पहिल्या वर्षीच्या साऱ्या मॅचेस झाल्या कुठे, तर हरयाणातल्या पंचकुलाला!

लारा तोवर निवृत्त झाला होता, त्याचं काय बिघडणार? बिघडलं ते तरुण पोरांचं. अंबाती रायुडू २००४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कप्तान होता. जेमतेम २२ वर्षांचा असताना तो या लीगकडून खेळला आणि त्याला दारं बंद झाली.

अशीच गंमत अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये घडली होती, फक्त उलटी. तिथे एनबीए ही जुनी, बडी लीग. १९६७ मध्ये तिच्यासमोर एबीए उभी राहिली. तिचा चेंडू लाल-पांढरा-निळा, आणि लांबून बास्केट केली तर दोनाऐवजी तीन गुण. जुनी मंडळी हसली. कॉनी हॉकिन्स नावाच्या खेळाडूला एनबीएने नुसत्या संशयावरून बाहेर ठेवलं होतं. त्याच्यावर खटलासुद्धा कधी झाला नव्हता. नव्या लीगने त्याला घेतलं आणि पहिल्याच वर्षी त्याच्या पिट्सबर्ग पायपर्सनी विजेतेपद मिळवलं. तो कोर्टातही लढला, आणि १९६९ मध्ये एनबीएला त्याला आत घ्यावंच लागलं. १९७६ मध्ये एबीए बंद पडली. तिचे चार संघ एनबीएत गेले, आणि १९७९ पासून ते तीन गुणही एनबीएने उचलले.

आपल्याकडे एवढा वेळही लागला नाही. १८ एप्रिल २००८ ला आयपीएल सुरू झाली. शहरांच्या टीम, परदेशी खेळाडू, वीस षटकं, सगळं तेच! पण आता ते मंडळाचं होतं, म्हणून चाललं. मला याचा राग आला होता, अजूनही थोडा येतो. २००९ मध्ये मंडळाने ती लीग सोडणाऱ्यांना माफी दिली. रायुडू २०१० मध्ये मुंबई इंडियन्सकडून खेळला आणि २०१३ मध्ये भारताकडून.

आणि आमच्या गिरीजचं? पुढच्या वर्षी त्या पलीकडच्या टूर्नामेंटचा पत्ताच नव्हता. जुन्या मंडळाने मात्र प्रवेश फी कमी केली, वडापावही सुरू केला. दादांनी मला परत टीममध्ये घेतलं. फक्त नवा चेंडू तोवर दुसऱ्याच्या हातात गेला होता.