संकर चालेल, हाल नकोत

प्रिय चिऊ,

फ्लॉवरहॉर्न माशावरून तुझं आणि दादाचं जे वाजलं, त्यात मी तोंड उघडलं नाही. जेवताना मामाने एकाची बाजू घेतली की दुसरा अर्धी पोळी टाकून उठतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण निघताना तू विचारलंस, ‘इतकी वर्षं मासे पाळतोस, तुला यात काहीच वाटत नाही का?’ वाटतं गं. म्हणून हे पत्र. दादालाही वाचायला देईन, आणि भिवंडीत ज्यांच्या घरी काचेची टाकी आहे त्यांच्या हाती पडलं तरी चांगलंच.

तुझा मुद्दा असा, की निसर्गात नसलेला मासा माणसाने हौसेपायी बनवायचाच कशाला? दादा म्हणतो, तो मला ओळखतो, काचेवर बोट फिरवलं की मागेमागे येतो, त्याच्या आईबापांची चौकशी मी का करू? तिसरी बाजू दुकानदाराची. गिऱ्हाईक मागतं ते तो ठेवतो. तिघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आधी या संकरित माशांचं कूळ पाहू. ‘ब्लड पॅरट’ तैवानात साधारण 1986 च्या सुमारास बाजारात आला. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड कुळातल्या दोन जातींचा तो संकर. मायडस त्यातला एक असावा असं मानतात, पण बनवणाऱ्यांनी कृती गुलदस्त्यातच ठेवली. फ्लॉवरहॉर्न नव्वदच्या दशकात मलेशियात घडला, तोही मध्य अमेरिकी सिक्लिडांच्याच सरमिसळीतून. त्याच्या काही घराण्यांत पुढे पॅरटचं रक्त मिसळलं गेलं. म्हणजे ज्या पॅरटची तू कीव करतेस, तो दादाच्या लाडक्या ‘कामफा’ जातीच्या फ्लॉवरहॉर्नच्या वंशावळीत बसलेला आहे! कपाळावरचा फुगा जितका मोठा तितकं नशीब थोर, अंगावरचे काळे ठिपके चिनी अक्षरांसारखे दिसले तर लक्ष्मी प्रसन्न, अशी समजूत मलेशिया-सिंगापूरकडे पसरली आणि मासा आपल्याकडे आला तेव्हा तीही सोबत आली. म्हणून तो आपल्याकडे दिवाणखान्याइतकाच गल्ल्याशेजारीही दिसतो.

आता ‘निसर्गात नाही’ या तुझ्या मुद्द्याकडे. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिडांच्या सुमारे 500 जाती गेल्या 15,000 वर्षांत निर्माण झाल्या. एवढी विविधता इतक्या झटपट कशी आली, याचा छडा 2017 साली लागला. या सगळ्यांचे पूर्वज दोन वेगळ्या नद्यांमधल्या माशांच्या जुन्या संकरातून आलेले निघाले. निसर्गाला संकराचं वावडं नाही. माणसालाही नाही. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, ‘एच-4’, 1970 साली शेजारच्या गुजरातेत सुरतेला तयार झाला, आणि आपल्या गावच्या यंत्रमागांवर चढलेल्या सुती धाग्याला त्याच्या गोत्राचा दाखला कुणी विचारला नाही. तू पहिल्यांदा पाळलेल्या लाल प्लॅटी आठवतात? दुकानातल्या बहुतेक प्लॅटी आणि स्वोर्डटेल एकमेकांत मिसळलेल्याच असतात. तेव्हा संकरित आहे एवढ्यावरून एखाद्या माशाला दोषी ठरवलं, तर निम्मं दुकान रिकामं करावं लागेल.

पण तुझं म्हणणं मी मोडीत काढत नाही. जिथे संकराने माशाच्याच शरीरावर संकट आणलं, तिथे मी तुझ्या बाजूचा. पॅरटचं तोंड पाहा. ती नुसती फट असते, नीट मिटत नाही. घशातल्या दातांनी तो कसाबसा खाणं चिरडतो. मणका आणि पोटातली हवेची पिशवी बेढब असल्याने त्याचं पोहणंही अडखळतं. सिक्लिड जबड्याला जबडा भिडवून भांडतात, याला तेही जमत नाही, म्हणून दांडग्या माशांत ठेवला तर मार खातो. त्यावर कडी म्हणजे काही ठिकाणी त्याला जांभळा-निळा रंग देतात, शेपूट छाटून बदामाच्या आकाराचा करतात. यात जोपासना कुठे आहे? ही निव्वळ क्रूरता. आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या संकरातही किंमत दडलेली असू शकते. ठिपकेवाली प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांच्या काही मिश्र पिल्लांना त्वचेचा कर्करोग होतो, हे 1920 च्या दशकात लक्षात आलं. अमेरिकेत मायरन गॉर्डन यांनी आयुष्यभर त्याचा अभ्यास केला आणि कर्करोगाच्या संशोधनात हे मासे आजही वापरले जातात.

शुद्ध जात जपणाऱ्यांचा आग्रहही मला आता कळतो. पूर्वी ते सोवळं वाटायचं. पण त्याच व्हिक्टोरिया सरोवरात विसाव्या शतकाच्या मध्याला नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला आणि पुढे शेकडो देशी जाती नाहीशा झाल्या. त्यातल्या काही आज माणसाने सांभाळलेल्या टाक्यांमध्येच तग धरून आहेत. तिथे कुणी मिश्र पिल्लू शुद्ध म्हणून खपवलं, तर एक अख्खी जात कायमची बिघडते. संकर करणं आणि तो लपवणं यात मला म्हणूनच फार अंतर वाटतं. फ्लॉवरहॉर्न निदान फ्लॉवरहॉर्न म्हणूनच विकला जातो. पण ‘असॉर्टेड मलावी’, म्हणजे मलावी सरोवरातले मिसळ सिक्लिड, म्हणून पिशवीत भरलेल्या पिल्लांमध्ये कोण कुणाचं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते आणि तिच्याकडे आपल्याकडे कुणी बघत नाही. मासा मोठा झाला, भांडायला लागला, घर बदललं, की लोक तो ‘पुण्य लागेल’ म्हणून तलावात सोडतात. चिलापी 1952 साली परदेशातून भारतात आला, आज उजनीपासून गावतळ्यापर्यंत तोच. थाई मांगूर म्हणून विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी मांगुरावर केंद्राने 2000 साली बंदी घातली, तरी तो चोरून वाढवला जात राहिला. राष्ट्रीय हरित लवादाने आदेश दिल्यावर राज्यात त्याची तळी शोधून मासे नष्ट करावे लागले. पाण्यात गेलेला मासा परत बोलावता येत नाही. संकरित मासा वांझ असतो, सोडला तर काय बिघडतं, असं दादा म्हणाला. तसं नाही. पॅरटचे नर बहुधा वांझ निघतात, पण माद्या दुसऱ्या सिक्लिडाशी जुळतात. फ्लॉवरहॉर्नला तर पिल्लं होतात, आणि मलेशिया-सिंगापूरच्या पाण्यात तो मोकळा सापडलाही आहे.

म्हणून माझा निवाडा ऐक. संकरित की शुद्ध, हा प्रश्न पहिला नाही. आधी तीन गोष्टी विचारायच्या: या शरीरात माशाला सुखाने खाता-पोहता येतं का? जे नाव सांगून विकला, तेच खरं आहे का? आणि तो मरेपर्यंत माझ्याच टाकीत राहील का? तिन्हींना ‘हो’ असेल तर पाळावा.

दादाचा फ्लॉवरहॉर्न पहिल्या दोन्हींत उत्तीर्ण आहे. तिसरं त्याच्या हातात आहे. तो मासा फूटभर वाढतो, दहा वर्षं सहज जगतो आणि दुसऱ्याला जवळ उभा करत नाही. त्याला चार फुटी टाकी एकट्याला हवी, दांडगा फिल्टर हवा, दर आठवड्याला पाणी बदलायला हवं आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढायला हवं. वीज गेली की चालू होणारा बॅटरीचा एअर पंप तर भिवंडीत हवाच. फुगा वाढावा म्हणून जिवंत गप्पी टाकणं बंद. त्याने फुगा वाढत नाही, रोग मात्र येतात.

पॅरट नवा विकत घेऊ नये. मागणी थांबली तरच ते बनणं थांबेल. पण कुणाच्या घरी आधीच असेल तर त्याला नावं ठेवू नकोस. जन्म त्याने मागितलेला नाही. बुडणारे छोटे दाणे आणि गरीब स्वभावाचे सोबती दिले, तर तोही दहा-पंधरा वर्षं जगतो. रंगवलेला किंवा शेपूट छाटलेला मासा मात्र घेऊ नये, आणि का घेत नाही हे दुकानदाराला तोंडावर सांगावं.

एवढं दोघंही मान्य करा, बाकी खुशाल भांडा. आणि वाचणाऱ्या सगळ्यांनाच विनंती: टाकीतला मासा, शुद्ध असो की संकरित, वऱ्हाळदेवी तलावात किंवा कामवारी नदीत कधीही सोडू नका. जमत नसेल तर दुकानात परत द्या, नाहीतर ज्याला सांभाळता येईल त्याच्या घरी द्या.

तुझा,
मामा