बरोबर कोण?

मुंबई पाहायला एकटी जाते, असे घरातल्या बाईने नुसते म्हणून पाहावे. गाडी कुठली, पैसे किती, हे प्रश्न मागाहून, पहिला प्रश्न ठरलेला : "बरोबर कोण?" जणू मुंबईचे दार दोघांनी ढकलल्याशिवाय उघडतच नाही!

आमच्या मिरजेच्या मावशीने वयाच्या 58व्या वर्षी हा बेत जाहीर केला, तेव्हा मिरजेपासून विलेपार्ल्यापर्यंत हाच प्रश्न घुमला. तशी ती मुंबईला चारदा आलेली : एकदा बाळंतपणाला, दोनदा लग्नाला आणि एकदा काकांच्या ऑपरेशनला. पण मुंबई पाहिली ती कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून. आता काका नाहीत, मुले मार्गी लागली. तिला समुद्र पाहायचा आहे, तोही घड्याळाकडे न पाहता.

अशा पाहुणीने बेत सुटसुटीत ठेवावा. मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघावे, सकाळी दादरला उतरावे. पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला यावे आणि अंधेरीकडची धीमी लोकल धरावी. दादर सोडल्यावर सहावे स्टेशन आमचे. पूर्वी स्टेशने मोजावी लागत नसत. 1929 साली सुरू झालेल्या पार्ले बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास डब्यात शिरला की पिशव्या उचलायच्या! 2016 साली कारखाना बंद झाला. तेव्हा आता बोटे मोजावीत हे बरे.

पहिला दिवस पार्ल्यालाच द्यावा. लोकमान्य टिळक 1920 साली गेले. पार्लेकरांनी त्यांच्या नावाने पुढच्याच वर्षी टिळक विद्यालय काढले आणि 1923 साली लोकमान्य सेवा संघ स्थापन केला. ही दोन्ही ठिकाणे पाहत स्टेशनचा रस्ता दोनदा पायी तुडवावा. परतताना घर सापडणार याची खात्री झाली की निम्मी भीती पार्ल्यातच राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळची गर्दी ओसरल्यावर बायकांच्या डब्यात बसून थेट चर्चगेट. ते शेवटचेच स्टेशन, त्यामुळे उतरायचे राहून जाण्याची धास्ती नाही. (या चर्चगेटहून 1992 साली फक्त बायकांसाठी अख्खी लोकल सुरू झाली, एकट्या बाईचे इथे कुणालाच नवल नाही.) स्टेशनाबाहेर पडून ओव्हल मैदान गाठावे. एका अंगाला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको घरांची रांग. 2018 साली या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा ठरल्या. तिथून वस्तुसंग्रहालय आणि पुढे 1924 सालचे गेटवे. एका दिवसाला एवढे पुष्कळ झाले. संध्याकाळच्या रेटारेटीपूर्वी परतीची गाडी गाठावी.

तिसरा दिवस घारापुरीचा. फक्त सोमवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात. गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास, पुढे शंभरावर पायऱ्या. दम लागला तर बसावे. बरोबर कुणी नसल्याने "चला, उशीर होतोय" म्हणणाराही नसतो!

इतके सांगूनही घरचे कुरकुरले, तर त्यांना आनंदीबाई जोशींची आठवण द्यावी. कल्याणला जन्मलेल्या या बाई 1883 साली, अवघ्या 18व्या वर्षी, यजमानांना मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि डॉक्टर व्हायला अमेरिकेला पोचल्या. मिरज ते मुंबई त्यापुढे काय!

खरी अडचण घरच्यांची नव्हेच, ती आम्हा यजमानांची. पाहुण्याला स्टेशनवर आणायला जाणे, सुट्टी काढून हिंडवणे, दर तासाला फोन करणे, ही आमची माया. या मायेपोटीच मावशीची सहल पुन्हा आमची होऊन जायची. तेव्हा पार्लेकरांनी एक पथ्य पाळावे. सकाळी तिच्या हाती दाराची किल्ली द्यावी, पर्समध्ये आपला फोन नंबर आणि पत्ता लिहिलेला कागद ठेवावा आणि आपण कामाला लागावे. रात्री जेवताना तिने मुंबई सांगावी, आपण ऐकावी. ती आपल्याला ठाऊक आहे, हे तेवढा वेळ विसरावे.