सायकलची पत्रिका

भूमितीला मी शाळेतच रामराम ठोकला होता. काठावर पास होऊन बाहेर पडलो, कंपासपेटी धाकट्या भावाच्या स्वाधीन केली आणि लघुकोन, काटकोन, विशालकोन या त्रिकुटाची या जन्मी पुन्हा गाठ पडू नये, एवढंच देवाजवळ मागितलं. देवानं ते बँकेतल्या नोकरीभर पाळलं. बँकेत सगळं सरळ रेषेत चालतं. निदान तसं दाखवायचं असतं. पण निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात डॉक्टरांनी माझ्या उजव्या गुडघ्यावर बोट ठेवलं. अगदी शब्दशः. मी ओरडलो. ते म्हणाले, "चालणं कमी करा, सायकल चालवा." त्या एका वाक्यासरशी कंपासपेटी पुन्हा उघडली.

आता तुम्ही म्हणाल, सायकलचा आणि भूमितीचा काय संबंध? मलाही तसंच वाटत होतं. आमच्या वेळी सायकल म्हणजे सायकल. काळी. फ्रेम बावीस इंची की चोवीस, हे दुकानदार तुमच्या पायांकडे एकदा बघून ठरवायचा, आणि मग चर्चा जी सुरू व्हायची ती कॅरियर, डायनामो आणि कुलूप यांची. या पुण्यात मी चार आणे तासाच्या भाड्यानं सायकल शिकलो, नळीखालून पाय घालून. गुडघे फुटले, पण कोन कुणी विचारला नाही.

परवा दुकानात पाऊल टाकलं तर तिथल्या मुलानं पहिलाच प्रश्न विचारला, "काका, ट्रॅव्हल किती पाहिजे?"

"फार नाही," मी म्हटलं, "घरापासून मागच्या टेकडीपर्यंत. जाऊन-येऊन चार किलोमीटर."

त्यानं माझ्याबरोबर आलेल्या पुतण्याकडे बघितलं. पुतण्यानं छताकडे बघितलं. ट्रॅव्हल म्हणजे पुढचा चिमटा धक्क्याला किती मिलिमीटर आत जातो ते, असं मला मागाहून कळलं. हल्ली त्या चिमट्यात हवा असते, तेल असतं, आणि त्याची किंमत आमच्या लग्नातल्या एकूण खर्चापेक्षा जास्त असते.

पुतण्यानं फोनवर एक तक्ता काढला. त्यात सायकलचं चित्र आणि भोवती आकडेच आकडे. ही सायकलची 'जिऑमेट्री'. हेड अँगल म्हणजे हँडलखालची नळी जमिनीशी जो कोन करते तो. तो ७१ अंश असला तर सायकल चपळ, हँडल जरा हललं की वळते. ६५-६६ असला तर पुढचं चाक लांब पुढे पडतं; उतारावर सायकल खाली मान घालून सरळ जाते, पण अरुंद वळणावर वरातीतल्या घोड्यासारखे आढेवेढे घेते. सीटच्या नळीचा कोन वेगळा. ती जितकी उभट तितके तुम्ही पॅडलच्या वर बसता आणि चढ सोपा जातो. रीच म्हणजे पॅडलच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर, आणि स्टॅक म्हणजे तेच उभं. उभं राहून सायकल चालवताना तुम्ही तिच्यात कितपत मावता, ते या दोन आकड्यांवरून कळतं म्हणे.

घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी तो तक्ता चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मंगळ आहे का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. ती पत्रिकाच होती. आणि पत्रिकेच्या भरवशावर जसं लग्न करतात, तशीच मी ती सायकल केली. हेड अँगल ६६, चाकं २९ इंची, पुढे १२० मिलिमीटरचा चिमटा, मागे सस्पेन्शन नाही. पुतण्याच्या मते छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळत होते.

लग्नानंतर जसं मुलगी बघायला आळी लोटते, तशी आमची सोसायटी सायकलवर बसायला लोटली. इथं खरी गंमत. मेहुणा बसला. वजन ब्याण्णव किलो. फाटकापासून जिन्यापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "चिमटा फार मऊ आहे, खचतोय." पुतण्यानं लगेच छोटा पंप काढून हवा भरली. मग मेहुणा जिन्याच्या तीन पायऱ्या सायकलसकट उतरला आणि म्हणाला, "वा! राजधानी एक्सप्रेस!" शेजारचे कर्नलसाहेब बसले. ते तरुणपणी शर्यतीच्या सायकली चालवलेले. त्यांनी पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून ती वळवायचा प्रयत्न केला आणि निकाल दिला, "म्हैस आहे." पुतण्या म्हणाला, "प्लेफुल आहे." या क्षेत्रात सायकल प्लेफुल असते, प्लश असते, लाइव्हली असते. प्लश म्हटल्यावर मला आमचा जुना सोफा आठवला. 'रस्त्याचा फीडबॅक' नावाचाही एक प्रकार असतो. म्हणजे रस्ता तुमच्याशी बोलला पाहिजे. मी जन्मभर पुण्यात राहतो. रस्ता माझ्याशी रोजच बोलतो, पण ते छापण्यासारखं नसतं.

एक राजधानी म्हणतो, दुसरा म्हैस. सायकल एकच! लक्ष्मी रोडवर साडी घेताना पाच बायकांची पाच मतं पडतात तेव्हा मी समजू शकतो, रंग डोळ्यांत असतो. पण कोन तर जमिनीशी असतो ना?

मी माझं मत राखून ठेवलं. खरं सांगायचं तर मला मतच नव्हतं. आणि ते बनायच्या आत, तिसऱ्या आठवड्यात, टेकडीच्या उतारावर बारीक खडीच्या वळणावर पुढचं चाक घसरलं आणि मी डाव्या हातावर पडलो. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगितलं: सायकलचा कोन चुकीचा आहे. हे सांगायला फार बरं वाटत असे. माणूस पडला की वय निघतं, 'या वयात कशाला' निघतं. कोन चुकीचा म्हटलं की समोरचा गप्प बसतो.

त्या सहा आठवड्यांत उजव्या हातानं जे जे चाळता येईल ते मी चाळलं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत माउंट टॅमलपायस म्हणून डोंगर आहे. तिथली काही पोरं १९७०च्या दशकात महायुद्धापूर्वीच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. १९७६ साली त्यांनी तिथल्या एका उतारावर शर्यती सुरू केल्या. उलटं पॅडल मारल्यावर लागणारा ब्रेक असा तापायचा की त्यातलं ग्रीस जळून जायचं, आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या वाटेचं नावच 'रीपॅक'. १९७७ साली जो ब्रीझनं खास डोंगरासाठी फ्रेम बनवली, तीसुद्धा त्या जुन्या आरामशीर सायकलींच्या कोनांवर बेतून. पुढे शर्यतवाल्यांनी कोन उभट करत ७१ अंशांवर नेला. मग चिमट्यात सस्पेन्शन आलं, उतार अवघड झाले, आणि तोच कोन हळूहळू पुन्हा खाली आला. हँडल रुंद झालं, त्याची पुढची मान आखूड झाली, आणि या सगळ्याला आता 'मॉडर्न जिऑमेट्री' म्हणतात.

हे वाचल्यावर मला राहवेना. आमच्या जिन्याखाली वडिलांची काळी सायकल अजून आहे. खालच्या मजल्यावरच्या पाचवीतल्या मुलाकडून कोनमापक मागून आणला, आणि एका हाताला प्लॅस्टर, दुसऱ्यात कोनमापक, अशा अवस्थेत जिन्याखाली शिरलो. मोजला. अडुसष्टच्या आसपास! म्हणजे आमचे वडील १९६२पासून मॉडर्न जिऑमेट्री चालवत होते, आणि तीही धोतर नेसून. वर सीटखाली दोन गलेलठ्ठ स्प्रिंगा होत्या, त्या निराळ्याच. अर्थात तिच्या सीटची नळीही तितकीच मागे कललेली, त्यामुळे चढ आला की वडील निमूटपणे उतरून सायकल हातात धरून चालत. त्यांनी कधी कोनाला दोष दिला नाही. ते म्हणत, "चढ आहे."

प्लॅस्टर निघालं. सायकल मात्र निघेना. म्हणजे सकाळी मी तिला टेकडीवर न्यायचो, उतार आला की उतरायचो आणि चालत खाली यायचो. भेटलेल्यांना सांगायचो, "गुडघ्याला चालणंही हवं ना." डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं होतं, पण ते कुणाला माहीत नव्हतं. असे चार-पाच महिने गेले.

मग एका रविवारी पुतणी आली. पुतण्याची धाकटी बहीण, वय तेवीस. हिला तक्त्यातलं किती कळतं माहीत नाही, पण सिंहगडाच्या घाटातून ती जशी उतरते ते बघून तिच्या भावाची जीभ टाळ्याला चिकटते. "काका, बघू तुमची सायकल," म्हणाली आणि आधी टायर दाबलं. मी ते अंगठ्यानं दबणार नाही इतकं टणक ठेवलं होतं. आमच्या पिढीचा तो संस्कार आहे. तिनं फुस्स करून हवा सोडायला सुरुवात केली. मला माझ्याच छातीतली हवा गेल्यासारखं झालं. पुढच्यात २५, मागच्यात २८ पौंड एवढीच ठेवली. "जाड टायरला दगडावर चिकटायला जागा हवी, काका."

मग चिमट्याच्या नळीवरची रबरी कडी खाली सरकवून तिनं मला सायकलवर बसवलं आणि अलगद उतरवलं. कडी जेमतेम आठ मिलिमीटर सरकली होती. "तुमच्या नुसत्या वजनानं साधारण पाचवा हिस्सा तरी आत जायला हवा, म्हणजे चोवीसेक मिलिमीटर. तुमचं वजन किती?"

"एकसष्ट."

"इथं तर नव्वद किलोच्या माणसाची हवा भरलीय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राजधानी एक्सप्रेस! मेहुण्यासाठी भरलेली हवा कुणी काढलीच नव्हती. इतके महिने मी माझ्या सायकलवरून मेहुण्याचं वजन हिंडवत होतो. तरीच प्रत्येक खडा थेट दाढेपर्यंत पोचत होता. तिनं हवा कमी केली, चिमट्याखालची लाल चावी फिरवून तो दबल्यावर किती वेगानं वर यावा तेही बसवलं, आणि आम्ही टेकडीवर गेलो.

माझ्या त्या वळणावरून ती आधी उतरून दाखवून आली. "मस्त आहे सायकल! या आता."

मी हँडल धरलं. चिमटा आता खरोखरच लोण्यासारखा दबत होता. टायर रस्ता धरत होतं. कोनाबद्दल बोलायला जागा उरली नव्हती. आणि माझा पाय पॅडलवर जाईना.

"मला भीती वाटते गं," मी म्हटलं. हे वाक्य मी हिच्या काकूलाही बोललो नव्हतो. तेवीस वर्षांच्या मुलीसमोर, बाभळीखाली उभं राहून ते बोलायला जेवढा दम लागला, तेवढा मनगट बसवून घेताना लागला नव्हता.

ती हसेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "ब्रेक किती बोटांनी धरता?"

"सगळ्या."

"एकच बोट ठेवा. आणि भीती वाटली की तुम्ही कुठं जाता? पुढे का मागे?"

"मागे. कुणीही मागेच जाईल!"

"तेच. या सायकलचं पुढचं चाक आधीच लांब पुढे आहे. तुम्ही मागे गेलात की त्याच्यावर वजनच राहत नाही, मग ते खडीवर घसरणारच. छाती हँडलवर आणा. जिथं भीती आहे तिकडेच झुकायचं."

पहिल्या दोन वेळा मी अर्ध्यात उतरलो. तिसऱ्यांदा पाय टेकला. चौथ्यांदा छाती पुढे टाकली, एक बोट ब्रेकवर ठेवलं, मनात वडिलांचं नाव घेतलं, आणि ते वळण कधी मागे पडलं ते मला कळलंच नाही. खाली पोचल्यावर पाय लटपटत होते. पुतणी वरून ओरडली, "कशी वाटली?"

मला 'प्लश' म्हणायचं होतं. तोंडातून "म्हैस!" निघालं. पण शपथेवर सांगतो, मी ते कौतुकानं म्हटलं. आमच्या आजोळी म्हशीच्या पाठीवर बसून मी नदी ओलांडलेली आहे.

संध्याकाळी अंगणात ही सगळी हकीकत सांगत होतो. मेहुणा चिमटा दाबून "फार मऊ केलात" म्हणत होता, कर्नलसाहेब मान हलवत होते, पुतण्या फोनवर नवा तक्ता उघडत होता. तेवढ्यात आमची ही पुढे झाली, पदर खोचला आणि काही कळायच्या आत सायकलवर बसून पार्किंगला एक फेरी मारून आली. कॉलेजला असताना ती रोज लेडीज सायकलवरून जात असे, हे मी पार विसरून गेलो होतो. दोन गाड्यांच्या मधून तिनं ती म्हैस सहज वळवली. सगळे गप्प झाले. ती उतरली आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत बारकाईनं बघू लागली.

"सीट टोचते," ती म्हणाली. "पण एवढे पैसे मोजलेत, तर हिला घंटी कुठं आहे?"