खुर्ची कोणाची, अधिकार कोणाचा?

त्रेन्तिनो-आल्तो आदिजे या इटलीच्या उत्तर सीमेवरील प्रदेशाच्या अध्यक्षांची यादी आम्ही सीमाभागातील माणसाच्या सवयीने वाचली, म्हणजे आडनावे पाहत. १९४९ मध्ये ओदोरित्सी, मग दाल्विट, ग्रिगोल्ली. सारे इटालियन भाषक. दुर्नवाल्डर हे जर्मन आडनाव येते ते २००४ मध्ये. पहिल्या क्षणी हीच आम्हांला अन्यायाची नोंद वाटली.

कायदे वाचल्यावर मत बदलले. १९१९ च्या तहाने दक्षिण टायरॉल इटलीकडे गेले. १९४६ च्या पॅरिस कराराने तेथील जर्मन भाषकांना स्वायत्ततेचे वचन दिले. १९४८ च्या कायद्याने मात्र ती मुख्यतः इटालियन बहुमताच्या संयुक्त प्रदेशाच्या हाती ठेवली. १९५७ च्या विराट सभेत सिल्वियस माग्नागो यांनी प्रदेशाची खुर्ची मागितली नाही. आपल्या प्रांतासाठी वेगळी स्वायत्तता मागितली. १९७२ च्या दुसऱ्या कायद्याने बहुतेक अधिकार बोल्झानो व त्रेन्तो या प्रांतांकडे गेले. आता दोन्ही प्रांतप्रमुख प्रदेशाचे अध्यक्षपद आळीपाळीने भूषवतात. भांडावे असे त्या पदात फारसे उरलेले नाही.

आपल्या घटनेच्या ३५०ख कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी दिला आहे. तो राष्ट्रपतींना अहवाल देतो. शासनाला आदेश देऊ शकत नाही. आजवरच्या आमच्या निवेदनांत मंत्री कोणाचा, हा प्रश्न वर असे. यापुढे तो खाली जाईल. कोणता अधिकार, कोणत्या कलमाने, हे आम्ही प्रथम लिहू.