सोलो कुठे होता रे?

तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी संध्याकाळी, आमच्या बँडचा बहुधा शेवटचा कार्यक्रम झाला. बँड हा शब्द जरा मोठाच आहे म्हणा. एकाच ऑफिसातले चौघं, कोथरूडमधल्या एका जॅमरूमला तासाचे पैसे भरून एक रविवार सोडून जमायचो, आणि वर्षातून दोनदा कुणीतरी वाजवायला बोलवायचं. पण ड्रमरची म्युनिकला बदली झाली, तिकिटं निघाली, आणि एकदम सगळ्याला "शेवटचं" हे विशेषण लागलं.

शेवटचं गाणं म्हणून आम्ही आमचं स्वतःचं, एकमेव, अजून नाव न ठेवलेलं गाणं घेतलं होतं. सुरुवातीला गिटार अगदी क्लीन, मग थोडी खरखर (क्रंच म्हणतात ती), आणि शेवटी सोळा बारचा सोलो, भरपूर गेनवाला. माझ्याकडे डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर आहे. म्हणजे पंचवीस किलोचा अ‍ॅम्प खांद्यावर न वाहता, त्याचं गणित पायाशी ठेवलेल्या डब्यात चालतं. तीन आवाजांसाठी मी तीन वेगळे प्रिसेट केले होते. घरी हेडफोनवर बसून, दोन वीकेंड घालवून. सॉलिड वाटत होतं.

स्टेजवर पहिला स्विच दाबला आणि आवाज क्षणभर गेला. बरोब्बर समेवर! वाक्यातला महत्त्वाचा शब्द गिळावा तसं. डिलेची छान विरत जाणारी शेपटीही कापली गेली. म्हटलं जाऊ दे, सोलोत भरून काढू. सोलोचा स्विच दाबला... आणि मी गायबच झालो. बोटं हलतायत, चेहरा गिटारिस्टचा, पण ऐकू काहीच येत नाही. मग मी तेच केलं जे कुठलाही घाबरलेला गिटारवाला करतो. वाकलो आणि गेन वाढवला. नंतर व्हिडिओ पाहिला. सोळा बार उत्तम ड्रम्स, उत्तम बेस, आणि मागे शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सरवर चटणी वाटतंय.

परत येताना गाडीत ड्रमरने विचारलं, "सोलो कुठे होता रे?"

त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. म्हणूनच लागलं. कारण त्या सोलोखालचे ड्रम्स त्याने दोन वर्षं घासून बसवले होते. माझ्या प्रत्येक ओळीला त्याचं उत्तर होतं. आणि शेवटच्या दिवशी त्याने सोळा बार भिंतीला उत्तरं दिली.

रविवारी सकाळी चहा घेऊन डीबगिंगला बसलो.

पहिला बग सोपा होता. प्रिसेट बदलणं म्हणजे अ‍ॅम्प, स्पीकर, इफेक्ट ही सगळी साखळी उतरवून नवीन चढवणं. प्रोसेसरला त्याला वेळ लागतो, तेवढ्यात आवाज तुटतो. आपल्या भाषेत, भर दुपारी प्रॉडक्शनचा सर्व्हर रीस्टार्ट करणं. त्यापेक्षा साखळी एकच ठेवायची आणि फक्त आतल्या व्हेरिएबल्सच्या किमती बदलायच्या. लाइन सिक्सच्या हेलिक्समध्ये याला स्नॅपशॉट म्हणतात, फ्रॅक्टलच्या यंत्रांत सीन. माझ्या डब्यातही ही सोय होती. मॅन्युअल वाचलं नव्हतं, इतकंच. (इंजिनिअर!)

दुसरा बग मात्र माझ्या डोक्यात होता. गेन म्हणजे आवाज, असा माझा समज.

अ‍ॅम्पचा गेन वाढवला की सिग्नल आतल्या मर्यादेला जाऊन धडकतो आणि लाटेची टोकं छाटली जातात. त्यानंतर कितीही ढकला, लाटेची उंची वाढत नाही, ती फक्त सपाट आणि भरीव होते. शिखर तेवढंच ठेवून साइन वेव्हची पूर्ण स्क्वेअर वेव्ह केली, तर आर.एम.एस. ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे मीटरवर शिखरं सारखी दिसली तरी कानाला गेनवाला आवाज मोठा वाटतो. घरी मला लीडचा आवाज क्लीनपेक्षा मोठा वाटला, म्हणून मी चक्क तो कमी करून ठेवला होता! आणि छाटणीत हळू वाजवलेला सूर आणि जोरात वाजवलेला सूर एकाच उंचीचे होतात, तारेवर पिक आदळतानाची ती टोकदार सुरुवात बोथट होते. गर्दीत कान नेमकी तीच टोकं पकडतो. मी वाकून गेन वाढवला तेव्हा उरलीसुरली टोकंही स्वतःच्या हाताने छाटली.

त्यात भर हेडफोनची. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली बेल लॅब्जमध्ये मोजून दाखवलं होतं की कमी आवाजात आपल्या कानाला खर्जातलं आणि फार वरचं कमी ऐकू येतं. रात्री घरचे झोपलेले असताना हळू आवाजात मी नेमकं तेच दोन्ही वाढवलं आणि मधलं कमी केलं. स्टेजवर खालचं बेस गिटारने खाल्लं, वरचं झांजांनी. गिटारची खरी जागा मधली, आणि ती मीच रिकामी करून ठेवलेली.

मग सगळं पुसलं. एक प्रिसेट, एक अ‍ॅम्प, तीन स्नॅपशॉट. लीडचा गेन साडेआठवरून साडेपाचवर. अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं पेडल, त्याचा स्वतःचा ड्राइव्ह जवळपास शून्य आणि लेव्हल जास्त. हे पेडल मधल्या पट्टीला उचलतं, ७२० हर्ट्झच्या आसपास, आणि खालचं खर्ज कापतं. आणि अ‍ॅम्पच्या नंतर, साखळीच्या शेवटी, ३ डेसिबल आवाज. हा क्रम महत्त्वाचा. अ‍ॅम्पच्या आधी ढकललं की मुख्यतः खरखर वाढते, नंतर ढकललं की आवाज. इतकी वर्षं मी चुकीच्या दारावर धक्के मारत होतो.

आणि क्लीन ते क्रंचसाठी तर बऱ्याचदा पायाची गरजच नाही. गिटारवरचा व्हॉल्यूम सहावर आणला की क्रंच बऱ्यापैकी निवळतो. एका चॅनलचे अ‍ॅम्प होते तेव्हा लोक हेच करायचे. १९९८ साली लाल पॉड आला आणि कितीतरी अ‍ॅम्प एका डब्यात मावले, पण ती करंगळीची सवय डब्यात येत नाही, ती लावून घ्यावी लागते.

मंगळवारी रात्री ड्रमरला फोन केला. "जाण्याआधी एक तास देशील?" त्याच्या घरी बॅगा उघड्या पडलेल्या, आई लोणच्याच्या बरण्या कपड्यांत गुंडाळत होती. तरी म्हणाला, "येतो रे."

बुधवारी जॅमरूममध्ये आम्ही दोघंच. तिन्ही लेव्हल मी मीटरवर नाही, त्याच्या ड्रम्सबरोबर लावल्या. त्याने हात वर केला की वाढवायचं, खाली केला की कमी. मग सोलो सुरू केला. खरं सांगतो, घाबरलो. गेन कमी असला की सगळं दिसतं. अर्धवट सुरापर्यंत पोचलेला बेंड, चुकून वाजलेली शेजारची तार, सगळंच. मी गेन साडेआठवर का ठेवत होतो, ते तेव्हा कळलं.

बाराव्या बारवर मी एक बीट थांबतो. पहिल्यापासून थांबतो. तिथे तो वाजवता वाजवता थबकला.

"तू इथे थांबतोस?"

"दोन वर्षं थांबतोय."

"मला कधी ऐकूच आलं नाही. मला वाटायचं तू वाजवतोयस, म्हणून मी तिथे फिल मारायचो."

पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. या वेळी बाराव्या बारवर तो पण थांबला. दोघंही गप्प, एक बीट. मग एकदम आत आलो.

मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. बेंड दोन ठिकाणी बेसूर आहे, आणि शेवटी जॅमरूमवाला दार वाजवताना ऐकू येतो, वेळ संपली म्हणून. शुक्रवारी पहाटे ड्रमर गेला. परवा त्याचा मेसेज आला, त्याला ती फाइल हवीये. म्हटलं आवाज जरा सारखा करून पाठवतो.

मग विचार बदलला. तशीच पाठवली.