ठकीचे खाते

आपली मराठी भाषा कुत्र्याशी फारशा मायेने वागलेली नाही. कोणाची फार दैना झाली, की त्याचे हाल कुत्रा खाणार नाही असे आपण म्हणतो. स्वभावाला औषध नसते हे सांगायचे, तर नळीत घातलेल्या शेपटाचा दाखला देतो. श्वाननिद्रा तेवढी आदर्श विद्यार्थ्याच्या लक्षणांत जाऊन बसली आणि मान पावली. उलट देवघरात पाहावे, तर दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री उभी, आणि ती म्हणे चार वेद. खंडोबाच्या संगतीला कुत्रा आहेच. युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी अडून बसला तोही कुत्र्यासाठीच. देवाजवळ एवढा मान आणि बोलण्यात एवढी हेटाळणी, अशी ही दुहेरी वागणूक. आमच्या इंदुरात राजघराण्याचे कुलदैवतच खंडोबा. परंतु येथेही जुन्या मराठी घरांत कुत्र्याची जागा उंबरठ्याच्या बाहेरच असे.

त्या बाहेरच्या जागेचीही एक रीत होती. पितृपक्षात गाय, कावळा आणि कुत्रा यांच्या नावाने घास निघत. माळव्यात पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची हा नेम आजही कित्येक घरांतून पाळला जातो, आणि येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनी तो केव्हाच आपलासा केला आहे. गल्लीतले कुत्रे कोणा एकाचे नसे, म्हणून सर्वांचे असे. रात्री ते राखण करी, दिवसा ओट्याखाली झोपे, आणि एके दिवशी दिसेनासे होई. त्याचा जमाखर्च कोणी मांडला नाही. पुढे वाडे गेले, ओटे गेले, इमारती उठल्या, आणि कुत्रे उंबरठा ओलांडून आत आले. त्याबरोबर घराच्या वहीत त्याचे एक खाते उघडले गेले.

आमच्या घरी हे खाते २०१६ च्या पावसाळ्यात उघडले. चिरंजीवांनी भिजलेले, तांबूस रंगाचे, दीड-दोन महिन्यांचे एक पिल्लू शर्टात गुंडाळून आणले. त्याचे डोळे थेट रंगवलेल्या लाकडी बाहुलीसारखे, म्हणून आमच्या आईंनी तिचे नाव ठेवले ठकी. शेजारच्या हिंदी भाषक कुटुंबाच्या जिभेवर ते नाव काही बसेना. त्यांच्याकडे ती पहिल्या दिवसापासून ‘ठगी’ झाली, आणि तिच्या पुढच्या वर्तनाने त्यांचेच नाव अधिक सार्थ ठरवले. दोन वर्षांनी चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरला गेले. ठकी आमच्याकडे राहिली. मुलांनी आणावे आणि मागल्यांनी वाढवावे, हा बहुतेक घरांतला क्रम आहे. त्यात तक्रारीसारखे काही नाही, परंतु पिल्लू आणणाऱ्यांनी तो आधी ध्यानात घेतलेला बरा.

ठकीची भाषा आमच्यासारखीच दुपेडी. ‘चल’ हा शब्द दोन्ही भाषांत तोच, तेथे अडचण नाही. घोटाळा होतो तो ‘ये’ या शब्दाने. मराठीत ते तिला बोलावणे. हिंदीत मात्र हा शब्द वाक्यावाक्यात येतो. शेजारीण आमच्या डब्याकडे पाहून “ये क्या बनाया?” असे विचारते, आणि ठकी मोठ्या आज्ञाधारकपणे उठून तिच्यापुढे जाऊन बसते. मग काही तरी देणे भागच पडते.

कुत्रे पाळणे म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आम्ही प्रथम घड्याळाकडे बोट दाखवू. पहाटे साडेपाचला आणि सायंकाळी साडेसहाला तिला बाहेर न्यावेच लागते. थंडी असो, ताप असो, घरी पाहुणे असोत, या वेळा चुकत नाहीत. पोह्यांच्या दुकानांतून वाफ निघू लागते तेव्हा आमची एक फेरी पुरी झालेली असते. हातात साखळी आणि खिशात कागद व पिशवी. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले आलेले हे शहर. त्यात आपल्या कुत्र्याची घाण आपणच उचलली पाहिजे. पहिल्या दिवशी संकोच वाटतो, आठव्या दिवशी वाटत नाही.

दुसरी गोष्ट अन्नाची. आमच्या स्वयंपाकघरात अंडेही येत नव्हते. ठकीसाठी गॅलरीत एक लहान शेगडी आणि एक वेगळे पातेले आले. आईंनी त्याला परवानगी दिली ती ‘पातेले आत येणार नाही’ या अटीवर, आणि ती अट आजतागायत पाळली जाते. भात, उकडलेली अंडी, थोडे दही, भोपळा किंवा गाजर, आठवड्यातून तीन-चारदा बाहेरून आणून त्याच शेगडीवर शिजवलेली कोंबडी, आणि जोडीला तयार खाद्य, असा तिचा बेत असतो. परंतु तिला काय द्यावे यापेक्षा काय देऊ नये हेच घरच्यांना व पाहुण्यांना अधिक शिकवावे लागते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. द्राक्षे आणि बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटही विषारीच. सत्यनारायणाच्या दिवशी प्रसादाचा शिरा हातावर घेऊन प्रत्येक जण भक्तिभावाने ठकीकडे वळतो, आणि त्यात बेदाणे असतात! तेव्हा त्या दिवशी तिचा मुक्काम आतल्या खोलीत.

ऋतूंचेही तिचे वेगळे पंचांग आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला आपली उष्णता बाहेर सोडावी लागते. मेमध्ये माळव्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा डांबरी रस्त्यावर आपला तळहात टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल, तर तिच्या पंजांनाही सोसवणार नाही. पावसाळ्यात गोचिडांचे राज्य. कानांच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, मानेची पट्टी, या जागा रोज चाचपाव्या लागतात. दिवाळीत फटाके सुरू झाले की ती पलंगाखाली जाते, आणि रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर निघते तेव्हा खिडक्या लावून आमच्यापैकी एकाला घरी थांबावे लागते.

लसींच्या बाबतीत हयगय चालत नाही. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादी रोगांवरील लसी ठरावीक अंतराने द्यावयाच्या. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे बहुधा दर वर्षी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस काय आणि कुत्रे काय, वाचणे जवळजवळ अशक्य. आणि वेळेवर लस घेतली तर तो टळतो. कोणतेही कुत्रे चावले, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, तिखट, चुना यांवर विसंबू नये.

आता बाहेरगावचा प्रश्न. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराला तो अधिक जाचतो. आपली लग्ने, मुंजी, कुळाचार यांसाठी पुण्याला, नाशिकला, कोकणात जाणे होतेच, आणि पूर्वी घराला कुलूप लावून सगळे जण निघत. रेल्वेत कुत्रे बरोबर घ्यायचे, तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे आपल्या नावे मिळाला पाहिजे; नाही तर त्याने गार्डाच्या डब्यातील पिंजऱ्यात एकट्याने रात्र काढायची. आमच्याने दुसरे होईना आणि पहिले परवडेना. तेव्हापासून लग्नाला एक जण जातो आणि एक जण राहतो. दोघांनीही गेलेच पाहिजे असा प्रसंग आला, तर ठकीला सांभाळणाऱ्यांकडे ठेवावे लागते.

वही आमच्यासमोर आहे, म्हणून आकडेच देतो. आजारपण नसलेल्या एका वर्षात अन्नाचे दरमहा २,६०० प्रमाणे ३१,२०० रुपये, लसींचे १,८००, जंत आणि गोचीड यांवरील औषधांचे ४,८००, पट्टा, साखळी, अंथरूण, साबण यांचे १,९००, आठ रात्री बाहेर ठेवण्याचे ४,०००. एकूण ४३,७००, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या वर. पहिल्या वर्षी नसबंदीचे ६,५०० वेगळे पडले. तो खर्च नको असलेली पिल्ले टाळतो आणि मादीला गर्भाशयाच्या एका जिवावरच्या आजारापासून वाचवतो. ज्या पिल्लाला विकत घ्यायला एक छदाम पडला नाही, त्याचा हा जमाखर्च. फुकट आलेले कुत्रे आणि हजारोंना आणलेले कुत्रे यांच्या पुढच्या खर्चात फारसे अंतर नसते.

२०२२ च्या श्रावणात ठकीने खाणे सोडले. हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त येऊ लागले. गोचिडांतून आलेला ताप होता. रक्ताच्या तपासण्या, सलाईन, मग अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या. महिना संपला तेव्हा वहीत ९,४०० रुपये लिहिले गेले. त्याच सुमारास आमच्याकडे एक वडीलधारे आप्त उतरले होते. त्यांनी सलाईन लावलेल्या ठकीकडे पाहिले, आकडा विचारला, आणि शांतपणे म्हणाले, “अहो, एवढ्यात एका गरीब मुलाची वर्षाची फी भरली गेली असती.”

बोलणे टोचले, कारण ते खोटे नव्हते. लग्नाच्या रोषणाईपुढे किंवा नव्या सोफ्यापुढे हा प्रश्न कोणी विचारीत नाही, असे आम्हांला म्हणता आले असते. पण ते उत्तर नव्हे, ती नुसती फिरवाफिरव झाली असती. त्या मुलाचे आपल्यावर ऋण आहेच, आणि ते फेडण्याचे आपले आपण पाहावे. मात्र ते ठकीच्या खात्यातून वळते करता येत नाही. गल्लीतले कुत्रे उकिरडा जाणते, चार घरे जाणते, इतर कुत्र्यांशी आपली हद्द राखून राहते. ठकीला आम्ही दोन महिन्यांची असताना त्या जगातून उचलले, आणि सहा वर्षे ताटात अन्न देऊन ती सारी विद्या तिच्यापासून काढून घेतली. आता तिला खाली सोडले, तर समोरच्या कोपऱ्यापर्यंतही तिचा निभाव लागणार नाही. आम्ही तिला घर दिले, असे लोक म्हणतात. पण आमच्यावाचून जगण्याचा तिचा मार्गही आम्हीच बंद केला. मग सलाईनची बाटली ही दया उरत नाही, ते देणे होते. आम्ही हे त्या आप्तांना सांगितले. त्यांना पटले की नाही ठाऊक नाही. पण जाईपर्यंत सायंकाळची गोळी गुळात घालून देण्याचे काम त्यांनी आपणहून उचलले.

हे देणे न ओळखता कुत्री आणली जातात, हेच खरे दुःख. बर्फाळ प्रदेशासाठी घडलेले, दाट केसांचे हस्की मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर धापा टाकताना आम्ही पाहिले आहे. हौस फिटल्यावर गळ्यातल्या पट्ट्यासह रस्त्यावर सोडलेली कुत्रीही पाहिली आहेत. प्राण्यांना उपासमार भोगावी लागेल अशा स्थितीत टाकून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे दहा ते पन्नास रुपये. ठकीच्या एका दिवसाच्या अन्नालाही तेवढ्याहून अधिक लागतात.

तेव्हा ज्यांच्या मनात पिल्लू आणावयाचे आहे, त्यांनी जातीचा आणि रंगाचा विचार करण्याआधी घरातल्या सर्वांना एकत्र बसवून चार गोष्टी ठरवाव्या. दहा-बारा वर्षे पहाटे कोण उठणार? सगळे लग्नाला निघाले तर मागे कोण राहणार? एकाएकी दहा हजार लागले तर ते कोठून येणार? आणि आपल्या मागे त्याचे कोण? पहिल्या तिघांची उत्तरे तरुण घरांत सहज मिळतात. चौथा प्रश्न आमच्या वयाच्या माणसांचा.

ठकीच्या तोंडाभोवतीचा तांबूस रंग आता पांढरा झाला आहे, डोळ्यांत निळसर झाक आली आहे, आणि जिना चढताना ती व आम्ही एकाच पायरीवर थांबतो. बंगळूरच्या नवव्या मजल्यावरील घर तिला मानवणार नाही, हे चिरंजीवही जाणतात. म्हणून आम्ही शेजाऱ्यांशी बोलून ठेवले आहे. त्यांच्या धाकट्या मुलीला ठकीच्या औषधांच्या वेळा पाठ आहेत, आणि वहीच्या शेवटच्या पानावर तिचे नाव लिहून दरमहा पाचशे रुपये वेगळे ठेवण्यास आम्ही आरंभ केला आहे. तेथे ठकीला सर्वजण ठगी म्हणतील. त्याला तिची कधीच हरकत नव्हती.