शिक्का कुणाचा, राज्य कुणाचं?

शुक्रवारी रात्री ऑफिसचं आयकार्ड गळ्यातून काढलं आणि शनिवारी सकाळी थेट अजिंक्यतारा! वर भन्नाट वारा. खाली सातारा, १७०८पासून शाहू महाराजांची राजधानी.

युरोपात बाराव्या शतकात ढालींवर सिंह, गरुड रंगवायला लागले. रणांगणात माणूस ओळखू यावा म्हणून, असं म्हणतात. पुढे तीच घराण्याची खूण झाली. आपल्याकडे तो मान शिक्क्याला. शिवरायांची मुद्रा अष्टकोनी, तिच्यावर चित्रबित्र नाही, नुसती संस्कृत अक्षरं. (२०२२मध्ये नौदलाच्या निशाणावर आला तो हाच अष्टकोन.) पत्राच्या माथ्यावर मुद्रा, शेवटी मोर्तब. म्हणजे खाली कुणी गुपचूप ओळ घुसवायची सोयच नाही. ऑफर लेटरवाल्यांनी शिकावं असं!

पेशव्यांची तर आणखी गंमत. कारभार पुण्यातून, पण शिक्क्यावर आधी नाव साताऱ्याच्या राजाचं, मग आपलं, ‘मुख्य प्रधान’ म्हणून.

१८४८मध्ये डलहौसीनं दत्तक नाकारून सातारा खालसा केलं. १८७७मध्ये दिल्लीत लिटननं संस्थानिकांना विलायती थाटाची राजचिन्हं असलेले झेंडे वाटले, तेव्हा ते घ्यायला साताऱ्याचं राज्यच उरलं नव्हतं. पेशव्यांच्या सरदारांचं, पटवर्धनांचं सांगली मात्र १९४८पर्यंत टिकलं. संध्याकाळी तिथं गणपती मंदिरात टेकलो, येताना भडंग घेतलं.